मोठी वंशावळ सॉफ्टवेअरमध्ये नीट लावायची असेल तर कागद धरून चला

शे-दीडशे नावांपर्यंत वंशावळ कशीही भरली तरी चालून जातं, कारण सगळी माणसं आपल्या डोक्यात असतात, कोण कोणाचा चुलत आणि कोणाची दोन लग्नं झाली हे कुठे बघावं लागत नाही. खरी पंचाईत हजाराच्या पुढे सुरू होते. नुसतं सरळ वर गेलं तरी आईवडील २, आजीआजोबा ४, मग ८, असं दुप्पट होत होत दहाव्या पिढीला १०२४ आणि सगळे मिळून २०४६ पूर्वज होतात, त्यात प्रत्येकाची भावंडं, त्यांची मुलं, सुना, जावई धरले की आकडा कुठल्या कुठे जातो. मग स्क्रीनवर एकाच नावाची तीन माणसं दिसतात, तिघांच्या जन्मवर्षात दोनचार वर्षांचा फरक, आणि यातलं कुठलं वर्ष कुठून आलं हे कुणालाच सांगता येत नाही.

यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. ग्रॅम्प्स फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि मोठ्या ट्रीला पुरून उरतं. रूट्समॅजिक, लेगसी, फॅमिली ट्री मेकर यातलं काही आधीपासून वापरत असाल तर तेच ठेवा. अडचण आपल्या भरण्याच्या पद्धतीत असते. बहुतेक जण माणूस धरून एन्ट्री करतात, म्हणजे पणजोबांचं पान उघडायचं आणि जे जे माहीत आहे ते एका दमात भरून टाकायचं. मोठ्या ट्रीत हीच सवय मुळावर येते. त्यापेक्षा कागद धरून एन्ट्री करा, एक कागद हातात घ्यायचा, त्यातली प्रत्येक माहिती ज्याची त्याच्या पानावर पोचवायची, आणि कागदातलं सगळं उतरलं की मगच पुढचा कागद.

एक कागद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा मृत्यूचा दाखला आहे. त्यावर मयताचं नाव, तारीख १२ मार्च १९३२, वय ७०, वडिलांचं नाव, ठिकाण, आणि खबर देणारा म्हणून मुलाचं नाव. आता सॉफ्टवेअरमध्ये आधी माणूस उघडू नका, आधी सोर्स बनवा. ग्रॅम्प्समध्ये तीन पायऱ्या आहेत, रिपॉझिटरी म्हणजे मूळ कागद जिथे ठेवलाय ती जागा, सोर्स म्हणजे ते अख्खं रजिस्टर किंवा वही, आणि सायटेशन म्हणजे त्यातलं नेमकं पान, नेमकी नोंद. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं थोडी वेगळी असतील पण रचना साधारण हीच. एका रजिस्टरमधून चाळीस नोंदी मिळाल्या तर सोर्स एकच, सायटेशन चाळीस. इथे जो चुकतो, म्हणजे प्रत्येक नोंदीला नवा सोर्स बनवतो, त्याची सोर्सची यादी वर्षभरात माणसांच्या यादीएवढी लांब होते आणि मग ती यादी कुणी उघडतच नाही.

सायटेशन झालं की स्कॅन त्यालाच चिकटवा, माणसाला नाही. कारण हा कागद फक्त मयताचा नाहीये, यात वडील आहेत, मुलगा आहे, तिघांच्याही पानावरून एकाच सायटेशनला हात घातला की एकच स्कॅन सगळीकडे दिसतो आणि कॉप्या वाढत नाहीत.

मग माहिती वाटायची. मृत्यूची तारीख आणि ठिकाण मयताला. वडिलांचं नाव म्हणजे नात्याचा पुरावा, तो त्या नात्यावर लावायचा. मुलगा खबर देणारा, म्हणजे १९३२ साली तो हयात होता आणि बहुतेक सज्ञान होता, ही पण माहितीच आहे आणि ती मुलाच्या पानावर गेली पाहिजे, हीच बहुतेक सगळ्यांची राहून जाते. आता वय ७०. लोक सरळ जन्म १८६२ टाकून मोकळे होतात. हिशोब करून बघा, १२ मार्च १९३२ ला सत्तर पूर्ण असतील तर जन्म १३ मार्च १८६१ ते १२ मार्च १८६२ च्या मधला, म्हणजे १८६१ चीच शक्यता जास्त, आणि त्यात पुन्हा म्हाताऱ्या माणसाचं वय खबर देणाऱ्याने ठोकळमानाने सांगितलेलं असतं, सत्तर, ऐंशी, असं. म्हणून तिथे 'अंदाजे' किंवा 'या वर्षांच्या दरम्यान' वापरा. अंदाजे, आधी, नंतर, दरम्यान, हिशोबाने काढलेली असे तारखेचे प्रकार जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरला कळतात, आणि 'अंदाजे १८६२' असं प्रकार निवडून लिहिलंत तर सॉर्टिंग पण बरोबर होतं. तेच प्रश्नचिन्ह टाकून किंवा '६२ च्या आसपास असावं' असं नुसतं टाइप केलंत तर सॉफ्टवेअरला ती तारीखच दिसत नाही.

जन्माच्या त्या तारखेला पण हाच मृत्यूचा दाखला सोर्स म्हणून लावा, पण वेगळं सायटेशन करून, आणि त्याचा भरवसा कमी ठेवा. ग्रॅम्प्समध्ये सायटेशनला भरवशाची पातळी देता येते, अगदी कमी पासून अगदी जास्त पर्यंत पाच. एकच कागद मृत्यूच्या तारखेसाठी पक्का आणि जन्माच्या तारखेसाठी कच्चा असू शकतो, त्यामुळे भरवसा अख्ख्या कागदाचा ठरवायचा नाही, त्यातल्या एकेका माहितीचा ठरवायचा. पुढे खरा जन्मदाखला सापडला तर जुनं वर्ष पुसू नका, नवीन तारीख मुख्य करा आणि जुनी पर्यायी म्हणून राहू द्या. पुसलंत तर दोन वर्षांनी तोच मृत्यूचा दाखला परत हातात येईल आणि परत तोच घोळ होईल.

दुसऱ्या पद्धतीच्या कॅलेंडरातली तारीख असेल तर कागदावर आहे तशीच आधी लिहायची, बदललेली तारीख वेगळी. ब्रिटनमध्ये १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला होता आणि त्याआधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या नोंदीचं साल सुद्धा एकने सरकू शकतं. मूळ तारीख जपली असेल तर असा हिशोब कधीही परत तपासता येतो.

नावं, आणि देवनागरीतली एक छुपी भानगड

नावांचे नियम आधी एका कागदावर लिहून काढा, खरंच लिहून काढा, कारण चार महिन्यांनी आपण काय ठरवलं होतं ते आठवत नाही आणि घरातलं दुसरं कुणी मदतीला बसलं तर त्याला तर कळणारच नाही. बाईचं नाव जन्माच्या आडनावानेच मुख्य ठेवा, लग्नानंतरचं पर्यायी नाव म्हणून. जन्माचं आडनाव माहीत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, नवऱ्याचं आडनाव तिथे भरू नका, नाहीतर ती बाई नवऱ्याच्याच घराण्यात जन्मल्यासारखी दिसते आणि तिच्या माहेरची लाईन शोधायची राहिलीय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. टोपणनाव, पदवी, रावबहादूर-डॉक्टर वगैरे सगळ्याला वेगळे रकाने असतात, ते नावात कोंबू नका.

आता देवनागरीतली भानगड. 'गोऱ्हे' हे आडनाव टाइप करताना त्यातला ऱ्ह दोन वेगळ्या प्रकारे बनू शकतो. एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं आहेत. तसंच 'ॲ' चं, तो एक अखंड अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊन पण बनतो. परिणाम काय तर सर्च केला की अर्धी माणसं येतात, आडनावांच्या यादीत तेच आडनाव दोनदा दिसतं, आणि माणूस समोर असून सापडत नाही म्हणून आपण त्याला परत नव्याने भरतो. यावर उपाय एवढाच की सगळी एन्ट्री एकाच कीबोर्डने करायची, मोबाईलवरून एक आणि लॅपटॉपवरून दुसरं असं नको, आणि अधूनमधून आडनावांची यादी उघडून जोड्या दिसतात का बघायचं. आणखी एक, मुख्य नाव देवनागरीत असेल तर रोमन लिपीतलं स्पेलिंग पर्यायी नाव म्हणून जरूर टाका, कारण सारख्या उच्चाराची नावं शोधायची साऊंडेक्स पद्धत, जिचं पेटंट १९१८ चं आहे, ती इंग्रजी अक्षरांसाठीच बनलेली आहे आणि देवनागरीवर तिचा काही उपयोग होत नाही.

ठिकाणांना पण हेच. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश अशी लहानाकडून मोठ्याकडे उतरंड ठरवा आणि ती मोडू नका. जिल्हे बदलतात, राज्यं बदलतात, देशांच्या सीमा बदलतात, गाव तिथंच असतं. ग्रॅम्प्समध्ये गाव एकदाच बनवायचं आणि अमुक साली ते कशाच्या अखत्यारीत होतं हे तारखांसकट लावायचं अशी सोय आहे, मग १९०० च्या घटनेला तेव्हाची रचना दिसते आणि आजच्या घटनेला आजची. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही तिथे त्या काळचं नाव ठिकाणात आणि आजचं नाव नोटमध्ये, बस. उलटं करू नका, कारण जुने कागद शोधायचे असतात ते जुन्या हद्दीप्रमाणे ठेवलेले असतात.

एकच माणूस का दोन

मोठ्या ट्रीचं सगळ्यात जास्त नुकसान चुकीच्या मर्जने होतं. ड्युप्लिकेट राहिला तर यादी थोडी वाढते, पण दोन वेगळी माणसं एक केली तर दोन बायका, दोन आईबाप, सगळी मुलं एकाच्या डोक्यावर येतात आणि काही महिन्यांनी ते सोडवणं महाकठीण जातं. आजोबांचं नाव नातवांना ठेवलं जातं, त्यामुळे दोन भावांच्या घरात दोन गंगाधर, जन्म जवळपासच्या सालातले, हे अगदी नेहमीचं. नाव आणि साल जुळलं एवढ्यावर कधीच मर्ज करू नका. आईचं नाव, बायकोचं नाव, भावंडं, ठिकाण, धंदा, यातलं निदान एक तरी स्वतंत्रपणे जुळलं पाहिजे आणि एकही गोष्ट आडवी जाता कामा नये, म्हणजे एक गंगाधर १८९८ ला वारलाय आणि दुसऱ्याला १९०३ ला मुलगी झालीय असं असेल तर विषय संपला.

सॉफ्टवेअरमधलं ड्युप्लिकेट शोधायचं टूल वापरा पण ते फक्त जोड्या सुचवतं, निर्णय आपला. मर्ज करायच्या आधी बॅकअप. आणि हे फार कमी लोक करतात पण फार उपयोगाचं आहे, दोन माणसं वेगळी आहेत असं नक्की झालं की दोघांच्याही पानावर नोट टाका, 'हा आणि अमुक नंबरचा गंगाधर वेगळे, कारण असं असं'. नाहीतर पुढच्या वर्षी टूल परत तीच जोडी सुचवेल आणि तुम्ही परत तेच कागद काढून बसाल, किंवा कंटाळून मर्ज दाबाल.

दुसऱ्या कुणी पाठवलेली फाइल सरळ आपल्या मेन ट्रीत इंपोर्ट करू नका. ग्रॅम्प्समध्ये इंपोर्ट केलं की ते उघड्या असलेल्या ट्रीतच मिसळतं. आधी नवीन रिकामी ट्री उघडा, त्यात ती फाइल घ्या, बघा, आणि त्यातलं जे पटेल ते कागद धरून आपल्याकडे आणा, सोर्स म्हणून ती फाइल आणि देणारी व्यक्ती. दत्तक आणि सावत्र नाती पण इथेच नीट बघा, मुलाचं आईशी आणि वडिलांशी नातं काय हे दोघांचं वेगवेगळं नोंदवता येतं, आणि दुसरं लग्न म्हणजे दुसरं कुटुंब, पहिल्यातच मुलं ढकलायची नाहीत.

एक ट्री का अनेक, यावर माझं मत स्पष्ट आहे, एकच. आईकडची वेगळी, वडिलांकडची वेगळी फाइल केली की मधली माणसं दोन्हीकडे येतात आणि एका ठिकाणी सुधारलेलं दुसरीकडे राहून जातं. वेगळं बघायचंय ना, मग फिल्टर वापरा. अमुकचे सगळे वंशज, तमुकचे सगळे पूर्वज, जन्मतारीख नसलेले, आईवडील नसलेले, हे फिल्टर तयार मिळतात. टॅग मोजकेच ठेवा, 'कागद हवा', 'ड्युप्लिकेटची शंका', 'ही शाखा झाली' एवढे पुरतात, वीस रंगांचे टॅग केले की कुठल्या रंगाचा अर्थ काय हे बघायला परत यादी लागते.

पूर्वजांना नंबर द्यायची जुनी पद्धत आहे, मिखाएल आयत्सिंगरने १५९० साली वापरलेली, पुढे सोसा आणि स्ट्राडोनिट्झ यांच्या नावाने रूढ झाली. आपण १, कुणाचेही वडील म्हणजे त्याच्या नंबरची दुप्पट, आई म्हणजे दुप्पट अधिक एक. २२ नंबर कोण? निम्मे ११, विषम म्हणजे बाई, तिचं अपत्य ५, तिचं अपत्य २ म्हणजे वडील, म्हणजे २२ हे वडिलांच्या आईच्या आईचे वडील. बघायला सुंदर पद्धत आहे आणि कुठली जागा रिकामी आहे ते लगेच कळतं, पण हा नंबर फाइलच्या नावात किंवा फोल्डरवर घालू नका, कारण ट्री तुमच्याऐवजी तुमच्या भाचीपासून सुरू केली की सगळे नंबर बदलतात. शिवाय चुलत-मामे घराण्यात लग्नं झाली असतील तर एकाच माणसाला दोन नंबर येतात. कागदांवर लिहायला सॉफ्टवेअरने सोर्सला दिलेला आयडीच बरा, तोच आयडी मूळ कागदाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

स्कॅन, फोल्डर, बॅकअप

फाइलच्या नावात आधी साल-महिना-दिवस, मग कशाचा कागद, मग आडनाव-नाव, मग सोर्सचा आयडी. साल पुढे असलं की आपोआप काळाप्रमाणे लागतात. कागद निदान ३०० डीपीआयला, जुने फोटो ६०० ला स्कॅन करा. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा आणि बघायला जेपेग, कारण जेपेग एडिट करून सेव्ह केली की दरवेळी थोडी खराब होते. सगळे स्कॅन एकाच मुख्य फोल्डरखाली, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरला बेस म्हणून सांगून पाथ रिलेटिव्ह करा, म्हणजे प्रत्येक स्कॅनचा पत्ता त्या फोल्डरपासून पुढचाच नोंदला जाईल. हे आधीच केलं नाही तर कॉम्प्युटर बदलल्यावर हजारो फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतील.

बॅकअपच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ग्रॅम्प्सचा डेटाबेस म्हणजे एक फाइल नसते, फोल्डर असतो, त्यामुळे तो कॉपी-पेस्ट करत बसू नका, मेनूतून बॅकअप घ्या आणि त्यात मीडिया पण जातोय ना हे बघा. चालू डेटाबेस क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये उघडू नका, तुम्ही लिहीत असताना सिंक मध्ये घुसलं की फाइल बिघडू शकते. बॅकअप तिकडे पाठवा, चालू ट्री नको.

आणि तपासणी. चेक करायचं टूल बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतं, आई वारल्यानंतर जन्मलेलं मूल, दहा वर्षांची असताना झालेली आई, मृत्यूनंतरचं लग्न, असल्या गोष्टी ते पकडतं. ग्रॅम्प्समध्ये मुख्य व्यक्तीशी कुठल्याच नात्याने न जोडलेली माणसं शोधायचं पण टूल आहे. एखादा मोठा सोर्स भरून झाला की लगेच चालवा, पाचपन्नास चुका सोडवता येतात, पाचशे साचल्या की कुणी बसत नाही.

ट्री दुसऱ्याला देताना

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं तर जेडकॉम (GEDCOM) फाइल, म्हणजे वंशावळीच्या देवाणघेवाणीचा ठरलेला फॉरमॅट. ५.५.१ ही आवृत्ती १९९९ ची असून अजून सगळीकडे चालते, ७.० ही २०२१ ची, तिच्यात अक्षरांसाठी यूटीएफ-८ सक्तीचं आहे आणि मीडियासकट झिप करून पाठवायची सोय आहे. ५.५.१ मध्ये मात्र फोटो जात नाहीत, फक्त फोटोचा पत्ता जातो, आणि टॅग, फिल्टर, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या खास सोयी बहुतेक गळतात. एक्सपोर्ट करताना यूटीएफ-८ निवडा, मग फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून चार नावं डोळ्याने बघा, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंग चुकलंय, परत काढा.

हयात माणसांची माहिती बाहेर जाता कामा नये, हे मी फार गंभीरपणे घेते. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख या गोष्टी अजूनही कित्येक ठिकाणी ओळख पटवायला विचारतात आणि वंशावळीत नेमक्या त्याच असतात. एक्सपोर्टमध्ये हयात व्यक्ती वगळायचा पर्याय असतो, पण कोण हयात हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. मृत्यूची नोंद नसेल तर ग्रॅम्प्स डिफॉल्टने ११० वर्षांची मर्यादा धरतं, आणि ज्याची ना जन्मतारीख आहे ना मृत्यूची, त्याच्याबाबत अंदाज आजूबाजूच्या नातेवाइकांच्या तारखांवरून लावतं, तो चुकू शकतो. म्हणून एक्सपोर्टच्या आधी 'जन्मतारीख नाही, मृत्यूची नोंद नाही' असा फिल्टर लावून ती यादी स्वतः वाचा, हयात असतील त्यांना प्रायव्हेटचं कुलूप लावा, वारलेत हे नक्की माहीत असेल तर तारीख नसली तरी मृत्यूची रिकामी घटना जोडा. एक्सपोर्ट झालेली फाइल नवीन रिकाम्या ट्रीत उघडा, घरातल्या लहान मुलांची नावं सर्च करून बघा, काही सापडलं नाही तरच पाठवा.